समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा किनारा

भंडारा शहरातून सरळ रेषेत निघालात तर बंगालचा उपसागर पाचशे किलोमीटरहून लांब आहे आणि अरबी समुद्र सातशेहून. समुद्र एकदाही न पाहता म्हातारी झालेली माणसं आमच्याकडे गावोगाव भेटतात. तरीही मी म्हणतो, की भंडारा जिल्ह्याला किनारा आहे, आणि तो महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्याच्या तोडीचा आहे. हिशेब पुढे मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन तपासून पाहा.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. आजच्या जिल्ह्यात हजाराहून अधिक, मालगुजारांच्या म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळातले, माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदावरचं हे लांबलचक नाव लोकांनी छोटं करून टाकलं आणि ते झाले 'मामा तलाव'. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर धरले तर पूर्व विदर्भातल्या अशा तलावांची संख्या सहा हजारांच्या पुढे जाते. शेताच्या कडेच्या बोड्या यात धरलेल्याच नाहीत.

आता हिशेब. समजू या की तलाव मोजून हजारच आहेत आणि प्रत्येकाचं पाणी 5 हेक्टरांवर, म्हणजे बारा एकरांहून थोड्या जास्त जागेवर पसरलं आहे. हेही समजू या की प्रत्येक तलाव ताटलीसारखा गोल आहे. 5 हेक्टरांच्या गोलाचा परीघ 793 मीटर येतो. हजार तलावांचा मिळून 793 किलोमीटर. महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, हे आपण शाळेत पाठ केलं होतं.

आणि गोल धरण्यात मी तलावांवर अन्यायच केला आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाचा कुठलाही दुसरा आकार घ्या, त्याचा काठ गोलापेक्षा लांबच भरतो. गोल तलाव मी तरी आमच्या जिल्ह्यात पाहिलेला नाही.

दोनदा मोजलेला एकच तलाव

साकोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावाला मी दिवाळीनंतर फेरी मारतो. पाळीला आमच्याकडे पार म्हणतात. पारीवर चढलं की एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या. पहाटेचं वारं पाण्यावरून थेट अंगावर येतं. पारीच्या पोटातून पाणी सोडायचं जे दार असतं त्याला तुडूम म्हणतात. तिथे कान दिला की पाण्याची बारीक खळखळ ऐकू येते. ढीवर मंडळी जाळी झटकत असतात. पलीकडे काठावर बेशरमाची झाडी माजलेली दिसते.

एका वर्षी मनात आलं, पावलं मोजावीत. पहिल्या दिवशी पारीवरून आणि पुढे बैलगाडीच्या वाटेनं गेलो. फेरी साधारण तेराशे पावलांत संपली. दुसऱ्या दिवशी ठरवलं, की पाण्याचा काठ सोडायचाच नाही. प्रत्येक खाचेत शिरायचं, पाण्यात घुसलेल्या प्रत्येक जिभेला वळसा घालायचा. त्या दिवशी एकवीसशेच्या वर पावलं भरली. तलाव तोच होता, पाणीही तेवढंच होतं, काठ मात्र दीडपटीहून जास्त लांब झाला.

परतताना एक टिटवी काठानं चालताना दिसली. म्हशींच्या खुरांचे खड्डे पाण्यानं भरले होते आणि ती प्रत्येक खड्ड्याच्या कडेनं वळत होती. तिच्या पावलांनी मोजला असता तर आमच्या तलावाचा काठ किती भरला असता, या विचारानं मी तिथेच थबकलो.

हाच प्रश्न लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाला पडला होता. शेजारी देशांमधल्या सीमांची लांबी दोन्ही देश वेगवेगळी छापतात, हे त्याच्या ध्यानात आलं. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली सीमा एका पुस्तकात 987 किलोमीटर होती आणि दुसऱ्यात 1,214. कोणी खोटं बोलत नव्हतं. ज्याची मोजपट्टी आखूड त्याची सीमा लांब, इतकंच होतं. पुढे 1967 साली बेनुआ मँडेलब्रॉट या गणितज्ञानं ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, असा साधा प्रश्न मथळ्यात ठेवून निबंध लिहिला. मोजपट्टी जितकी बारीक कराल तितका किनारा वाढत जातो, हे त्याचं उत्तर. नॉर्वेचा किनारा खाड्या वगळून मोजला तर अडीच हजार किलोमीटरांच्या आसपास भरतो. खाड्या आणि बेटांचे काठ धरले की तो एक लाख किलोमीटरच्या पुढे जातो. पृथ्वीला विषुववृत्तावरून अडीच फेऱ्या घातल्यासारखंच ते.

आपल्या देशातही हे घडलं, तेही अगदी अलीकडे. भारताचा किनारा 7,516.6 किलोमीटर, हा आकडा कित्येक पिढ्यांनी घोकला. 2024च्या अखेरीस केंद्रीय गृहखात्याच्या वार्षिक अहवालात नवा आकडा आला : 11,098.81 किलोमीटर. म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर वाढले आणि त्यासाठी वाळूचा एक कणही जागचा हलला नाही. जुन्या मोजणीच्या नकाशात 1 सेंटिमीटरमध्ये 45 किलोमीटर बसवलेले होते. नव्या मोजणीत 1 सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. जुन्या नकाशात रेघेखाली गडप झालेल्या खाड्या आता मोजणीत आल्या. गुजरात 1,214.7 वरून 2,340.62 वर गेला. सुंदरबनाच्या फाट्यांमुळे पश्चिम बंगाल 157.5 वरून 721 किलोमीटरांवर पोचला. अंदमान-निकोबारची बेटं 1,962 वरून 3,083.5 झाली. केंद्राच्या जुन्या यादीत 652.6 किलोमीटर असलेला महाराष्ट्र आता 877.97 किलोमीटरांचा आहे.

माझे 793 किलोमीटर या नव्या आकड्याला थोडे कमी पडतात. पण ते गोल तलावांचे आहेत. खरा तलाव गोलापेक्षा किती लांबतो, हे पाहायचं तर नवेगावबांधला जायला हवं.

साडेसातशे पावलांची करामत

नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला, त्याआधी ते आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. सभोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी हात दिला, अशी तिथली श्रद्धा आहे. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले. तलाव बांधणाऱ्या माणसाला लोकांनी देव केलं, यातूनच पाण्याची किंमत कळते.

जुन्या गॅझेटियरमध्ये या तलावाची मापं दिली आहेत. बांधांची एकूण लांबी 625 यार्ड, म्हणजे 571 मीटर. पाण्याचं क्षेत्र 5 चौरस मैल, म्हणजे जवळपास 13 चौरस किलोमीटर. आणि काठाचा घेर 17 मैल, म्हणजे 27 किलोमीटरांहून थोडा जास्त. हे तीन आकडे मी पहिल्यांदा एकाखाली एक लिहिले तेव्हा वाटलं, आपलंच काही चुकलं असणार. तीनदा तपासून पाहिले.

माझं पाऊल अडीच फुटांचं. त्या हिशेबानं माणसाच्या हातांनी घातलेला सगळा बांध 750 पावलांत संपतो, चालायला आठ मिनिटंही लागत नाहीत. त्या बांधानं अडवलेल्या पाण्याच्या काठानं फिरायचं तर 36,000 पावलं टाकावी लागतात. न थांबता चाललं तरी सहा तास. बांधाच्या एका पावलामागे काठाची 48 पावलं आणि सव्वाचार एकर पाणी. तलाव बांधणाऱ्या या कोहळी समाजाच्या लोकांजवळ दुर्बिणी नव्हत्या, उंचसखल दाखवणारे नकाशे नव्हते. पावसाळ्यात पाणी कुठून उतरतं, कुठे घुटमळतं आणि कोणत्या दोन टेकड्यांच्या फटीतून निसटतं, हे त्यांनी डोळ्यांनी आणि पायांनी हेरलं. मग नेमकी तेवढीच फट बुजवली. बाकीची भिंत डोंगरांनी आयती दिली.

आता आकार पाहा. तेवढंच पाणी गोल तलावात असतं तर काठ पावणेतेरा किलोमीटर भरला असता. प्रत्यक्षात तो त्याच्या दुपटीहून जास्त आहे, कारण पाणी डोंगरांच्या प्रत्येक सांदीत बोटं घालून बसलं आहे. तलावाच्या पोटात मालडोंगरी नावाचं बेटही आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, चहूबाजूंनी पाणी आणि वारा असलेली ही टेकडी आहे.

या काठाची तुलना जगातल्या सर्वांत एकाकी वस्तीच्या बेटाशी करून पाहा. दक्षिण अटलांटिक महासागरातलं त्रिस्तान दा कुन्हा हे ज्वालामुखीचं बेट. तिथून सर्वांत जवळची माणसांची वस्ती सेंट हेलेना बेटावर, तीही 2,400 किलोमीटरांहून लांब. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे 98 चौरस किलोमीटर आणि आकार जवळपास गोल, त्यामुळे त्याचा घेर गोलाच्या गणितानं 35 किलोमीटरांच्या आसपास येतो. नवेगावबांधचं पाणी क्षेत्रफळानं या बेटाच्या साताठव्या हिश्श्याएवढं, आणि काठ मात्र त्याच्या पाऊण.

आपल्या माणसांनी समुद्रातही अशीच रेघ ओढून ठेवली आहे. मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 साली सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. किल्ल्याचं क्षेत्र 48 एकर आणि तटाची लांबी सुमारे 3 किलोमीटर. 48 एकरांच्या गोलाला दीड किलोमीटरांचा तट पुरला असता. दुप्पट लागला, कारण तट खडकाच्या वळणानं आणि बुरुजांच्या गरजेनं नागमोडी गेला आहे. त्या तटावरून वारा खात फेरी मारलेल्या कोणालाही हे पायांनी कळलेलं असतं. मालवणच्या बेटावरचा तट आणि झाडीपट्टीतला तलाव, दोन्हींचा काठ गोलाच्या जवळपास दुप्पट. हाच दुपटीचा हिशेब आमच्या हजार तलावांना लावला तर 793 चे 1,586 किलोमीटर होतात. महाराष्ट्राच्या नव्या, वाढलेल्या समुद्रकिनाऱ्याच्याही जवळपास पावणेदोनपट. प्रत्येक तलावाला दुपटीचा वाढावा मिळणार नाही, हे मला मान्य आहे. पण जिल्हा कोणत्या मापाचा आहे, ते यातून दिसतं.

किनारा येतो आणि जातो

समुद्राचा किनारा दिवसातून दोनदा मागे-पुढे होतो. आमचा किनारा वर्षातून एकदाच मागे जातो, पण जातो तो थेट तलावाच्या मध्यापर्यंत. आश्विनात सांडव्यावरून पाणी पडत असतं. मे महिन्यात त्याच जागी भेगाळलेली माती असते आणि पोरं क्रिकेट खेळतात. मधल्या महिन्यांत पाणी जसं ओसरतं तशी काठावर गाळाची नवी पट्टी उघडी पडत जाते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात ते अशाच काठांवर चरायला. या पक्ष्यांच्या अंगावर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात एक पक्षी 7,290 मीटर उंचीवर उडताना नोंदला गेला. भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरही उंच नाही. एवढ्या उंचीवरून आलेला पाहुणा आमच्या तलावाच्या घोटाभर पाण्यात उतरतो. पूर्व विदर्भाच्या या काठांवर अजून सारस दिसतात, माणसाएवढ्या उंचीचे. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगावात घालवलेली वर्षं 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकात उतरली. एका तलावाचा काठ एका माणसाला आयुष्यभर पुरला, याचं ते पुस्तक साक्षीदार आहे.

नवेगावच्या काठानं आज मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. 1975 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 पासून तो परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघाच्या घरात वाघाचे नियम पाळायचे, हे योग्यच आहे. पण गावतलावांच्या पारी मोकळ्या आहेत. माझी सगळी ओढ त्यांच्याकडे आहे.

कारण आता सांगतो तो आकडा मला झोपू देत नाही. भंडारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ 4,087 चौरस किलोमीटर. वर्षाचा पाऊस साधारण तेराशे मिलिमीटर. गुणाकार केला तर जिल्ह्यावर दर वर्षी 5.3 लाख कोटी लिटर पाणी पडतं. 53 वर अकरा शून्यं. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात 12,00,334 माणसं होती. माणशी 44 लाख लिटर पाणी वाट्याला येतं. दहा हजार लिटरांचा टँकर धरला तर प्रत्येकाच्या दारात वर्षाला 440 टँकर, तान्ह्या बाळाच्या नावानंही. यातलं बहुतेक पाणी चार महिन्यांत पडतं, बरंचसं वैनगंगेला मिळतं, पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जातं आणि शेवटी समुद्रात.

आमचे हजार तलाव यातलं किती धरतात? 5 हेक्टरांच्या तलावात सरासरी 2 मीटर पाणी धरलं तर एका तलावात 10 कोटी लिटर. हजार तलावांत 10,000 कोटी लिटर. ऐकायला प्रचंड, पण पडलेल्या पावसाच्या दोन टक्केही नाही. एवढ्या दोन टक्क्यांच्या जोरावर इथल्या पिढ्यान् पिढ्यांनी धान पिकवला, ऊस लावला, मासे धरले, गुरं पाजली. तुलनेला पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण घ्या. 1988च्या 22 एप्रिलला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. त्याची एकूण साठवण 1,146 दशलक्ष घनमीटर, म्हणजे वरच्या हिशेबातल्या हजार तलावांच्या अकरा पटींहून जास्त. त्या पाण्यानं नवा, फार लांबचा किनारा तयार केला. त्याखाली गावंही गेली. मामा तलावानं गाव उठवलं नाही. तो गावासाठीच बांधला गेला होता.

एक फूट गाळ

1951 साली मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले. ज्यांच्या घरातून पारीवर मातीची टोपली पडायची, त्यांचा त्या पारीवरचा हक्क गेला आणि हळूहळू कर्तव्यही गेलं. पारीला झाडांची मुळं लागली, तुडूम बुजले, बेशरम माजली. वरच्या बाजूनं शेतं पाण्यात सरकली. आणि दर पावसाळ्यात तळाशी गाळ बसत गेला.

त्या गाळाचा हिशेब फार सोपा आहे. 5 हेक्टरांच्या तलावात एक फूट गाळ साचला की दीड कोटी लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजारी टँकरचंच बोलायचं तर एका तलावामागे दीड हजार टँकर. हजार तलावांतून एकेक फूट गाळ काढला तर जिल्ह्यातल्या माणशी साडेबारा हजार लिटरांची जागा परत मिळते. आणि निघालेला गाळ वाया जात नाही. शेतकरी तो पोयटा म्हणून आनंदानं बांधीत टाकतो.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. तुमच्या गावच्या तलावाला पाणी उतरायच्या आधी एक फेरी मारा. काठ सोडू नका, प्रत्येक खाचेत शिरा, पावलं मोजा. तो आकडा, तारीख आणि सांडव्यापासून पाणी किती खाली आहे, एवढं वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जा. पावलं कमी भरली आणि त्या जागी कोणाची बांधी दिसली, तर वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा. समुद्राचा किनारा मोजायला सरकार आहे. हजार असोत की त्याहून जास्त, आमच्या तलावांचा काठ मोजायला आपल्याशिवाय कोणी येणार नाही.

पाऊल अडीच फुटांचं धरलं तर सगळ्या जिल्ह्याची फेरी, गोल तलावांच्या हिशेबानं, दहा लाख चाळीस हजार पावलांची आहे. जिल्ह्यात माणसं बारा लाख आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला एक पाऊलही पुरतं येत नाही.